कुरूच्या फाटकावर कोण उभं होतं?

२०१९ च्या १४ जुलैला पॅरिसच्या शाँझेलिझेवर दरवर्षीचं लष्करी संचलन चालू होतं. रणगाडे, घोडदळ, डोक्यावरून जाणारी विमानं, सगळं ठरल्याप्रमाणे. मधेच एक माणूस आला. पायाखाली पाटाएवढं जेटचं यंत्र, हातात बंदूक. उभ्या उभ्याच मान्यवरांच्या समोरून उडत गेला. राष्ट्राध्यक्ष माक्रों मान वर करून बघत होते. या यंत्रासाठी ज्या सरकारी संस्थेनं पैसे दिले होते, तिचाच एक दस्तऐवज त्या महिन्यात बाहेर आला. त्यात एक साधी नोंद होती: चार-पाच विज्ञानकथाकारांचा गट बांधायचा आणि लष्कराला स्वतःहून जे सुचणार नाही, ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं. उडणाऱ्या माणसाचे व्हिडिओ जगभर फिरले. मला मात्र ती नोंद जास्त चटका लावून गेली. विज्ञानकथा आवडणारं सरकार असू शकतं, पण तिच्यासाठी टेंडर काढणारं सरकार?

पुढची चार वर्षं हा उद्योग ‘रेड टीम’ या नावानं चालला. त्यातल्या पहिल्याच कथेचं हे प्रकरण. लष्कर भविष्याची कल्पना करतं तेव्हा त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिच्यात चांगलं उघडं पडतं.

मांडणी कशी होती

फ्रान्सची संरक्षण नवोपक्रम संस्था २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. तिचे पहिले संचालक एमान्युएल शिवा. (आडनावानं दचकू नका, उच्चार खरोखर तसाच आहे.) युद्धाभ्यासाची संगणकीय सिम्युलेशन्स बनवण्याच्या धंद्यातून आलेला माणूस, त्यामुळे ‘काल्पनिक शत्रू’ हा शब्द त्यांना परका नव्हता. संरक्षणमंत्री होत्या फ्लोरांस पार्ली. प्रत्यक्ष काम चालवायला घेतलं पॅरिसच्या पीएसएल विद्यापीठानं.

तीन रंग होते. लाल गटात लेखक आणि चित्रकार. निळ्यात लष्करी अधिकारी. जांभळ्यात शास्त्रज्ञ आणि अभ्यासक, म्हणजे लेखकानं काही लिहिलं की ‘हे भौतिकशास्त्रात बसतं का’ असं विचारणारे. मुदत २०३० ते २०६०. एका भविष्याच्या दोन आवृत्त्या: एक लोकांसाठी, चित्रांसकट, दुसरी गोपनीय, तपशिलांसकट. आपण बोलतोय ते अर्थातच पहिलीबद्दल.

लष्करी सरावात लाल गट म्हणजे शत्रूची बाजू. असा गट ठेवणं सोपं, त्याचं ऐकणं कठीण. याचा दाखला अमेरिकेनं २००२ च्या उन्हाळ्यात देऊन ठेवला आहे. ‘मिलेनियम चॅलेंज’ नावाच्या सरावात, जो पाच वर्षं पुढच्या काळात घडतो असं धरलं होतं, शत्रूची बाजू निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी रेडिओ वापरलाच नाही. निरोप मोटरसायकलवरून पाठवले आणि छोट्या होड्या व क्षेपणास्त्रांनी अमेरिकेची सोळा जहाजं कागदावर बुडवली. मग काय झालं? जहाजं पुन्हा तरंगवली, लाल बाजूवर बंधनं घातली आणि सराव पुढे चालू ठेवला. व्हॅन रायपर वैतागून बाजूला झाले. सुमारे २५ कोटी डॉलरचा सराव होता तो. डाव हरत आला की बॅट घेऊन घरी जाणारा मुलगा प्रत्येक गल्लीत असतो, पण इतकी महाग बॅट कुणाची नसेल.

फ्रेंचांनी निदान एवढी हुशारी केली की त्यांच्या लाल गटाला जिंकायचंच नव्हतं. गोष्ट सांगायची होती.

२०६० कशाला?

‘इतक्या लांबचं बघून काय करायचंय’ हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर बंदरात सापडतं. पहिली कथा जाहीर झाली ४ डिसेंबर २०२० ला. चार दिवसांनी, ८ डिसेंबरला, माक्रों यांनी नव्या अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकेची घोषणा केली. सुमारे ७५ हजार टन वजन, ३०० मीटर लांबी आणि ‘शार्ल द गोल’ची जागा घेणार सुमारे २०३८ मध्ये. एवढं जहाज एकदा पाण्यात उतरलं की चाळीस वर्षं तरी चालवायचं असतं. म्हणजे २०६० मध्ये ते ऐन मध्यम वयात असेल. पुढच्या फेब्रुवारीत नव्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचं काम सुरू होत असल्याचं जाहीर झालं. त्या या शतकाच्या शेवटापर्यंत सेवेत राहायच्या आहेत. त्यांच्यावर शेवटची पाळी करणारे खलाशी अजून जन्मलेले नाहीत.

थोडक्यात, २०६० ही लेखकांची चैन नव्हती, ती खरेदीखात्याचीच तारीख होती. नकाशावर आज जी रेघ ओढाल, तिचं पोलाद तीस-चाळीस वर्षं पुरतं. त्या काळात समुद्रावर कोण असेल, याचा विचार एका नोंदवहीत कुणीतरी करून ठेवलेला बरा. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद वर्षानुवर्षं विज्ञानकथा स्पर्धा घेते; संरक्षण खात्याचा माणूस त्या निकालाकडे फिरकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

चाच्यांचं राष्ट्र

पहिल्या कथेचं नाव मराठीत आणायचं तर ‘बर्बर चाचे, आवृत्ती ३.०’. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून भूमध्य समुद्रात जहाजं लुटणारे ते बर्बर चाचे. फ्रान्सनं १८३० मध्ये अल्जिअर्स घेतलं तेव्हा ज्या सबबी पुढे केल्या, त्यांत हेही चाचे होते. फ्रेंच वाचकाच्या कानाला त्या एका शब्दात दोन शतकांचा इतिहास वाजतो.

कथा अशी. समुद्र चढला, हवामान बिघडलं, लाखो लोक देशोधडीला लागले. त्याच काळात सरकारांनी नागरिकांच्या अंगात चिप बसवणं रूढ केलं. ज्यांनी ती नाकारली, ते यंत्रणेच्या नोंदीतूनच बाहेर पडले. हे बिननोंदीचे, बिनदेशाचे लोक समुद्रावर एकत्र आले आणि त्यांची एक नवी सत्ता उभी राहिली: पी-नेशन. ‘पी’ म्हणजे पायरेट. तिला जमीन नाही, सीमा नाही, राजधानी नाही. तिची नजर जाते कुरूवर.

कुरू म्हणजे फ्रेंच गयानातलं अंतराळ केंद्र. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंश उत्तरेला. तिथून प्रक्षेपण केलं की पृथ्वीच्या फिरण्याचा धक्का जवळजवळ पूर्ण मिळतो आणि समोर मोकळा अटलांटिक असतो. भारताशीही त्या जागेचं जुनं नातं आहे. १९८१ च्या १९ जूनला आपला ‘ॲपल’ उपग्रह तिथूनच एरियान रॉकेटनं गेला. बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा तो प्रसिद्ध फोटो आठवतो? तोच हा उपग्रह. ॲन्टेनाच्या चाचणीत धातूच्या गाडीचा अडथळा नको म्हणून लाकडी बैलगाडी आणली होती. पुढे आपले कितीतरी इन्सॅट आणि जीसॅट कुरूहूनच वर गेले.

कथेत या कुरूला अंतराळ-उद्वाहक आहे. जमिनीपासून भूस्थिर कक्षेपर्यंत, म्हणजे ३५,७८६ किलोमीटर आणि त्याच्याही पलीकडे ताणलेला दोर, त्यावरून वर-खाली करणारे डबे. आजघडीला तसा दोर विणायला लागणारा पदार्थ त्या लांबीत कुणाकडेच नाही, हे जांभळ्या गटाला ठाऊक असणारच. पण कथेपुरतं ते मान्य केलं की बाकीचं आपोआप येतं. रॉकेट उडून जातं, दोर मात्र जागेवर राहतो. त्याला चोवीस तास, बाराही महिने सांभाळावं लागतं. एक टोक कापलं की खेळ संपला. चाचे हल्ला करतात तो इथे.

या कथेचं बळ तंत्रज्ञानात नाही, कायद्यात आहे. राष्ट्राविरुद्ध युद्ध पुकारता येतं, गुन्हेगाराला अटक करता येते. पण दहा लाख माणसांचं एक असं काहीतरी, ज्याला कुणी राष्ट्र मानत नाही आणि जे टोळी म्हणण्यापलीकडे वाढलंय, त्याच्याशी काय करायचं? तह कुणाशी करायचा? युद्धकैदी कुणाला म्हणायचं? कैद्याला सोडायचं झालं तर कुठल्या देशात? जगातल्या सगळ्यांत मोठ्या सागरी क्षेत्रांपैकी एक ज्या देशाकडे आहे (फ्रान्सचं आहे जवळजवळ १ कोटी १० लाख चौरस किलोमीटर, अमेरिकेच्या खालोखाल), त्याच्या नौदलाला हे प्रश्न विचारणं हे चांगलं काम आहे. ॲडमिरलच्या टिपणीत ते प्रश्न या रूपात आले नसते. टिपणीत ‘धोका’ असतो, माणूस नसतो.

चाचा कुणाचा?

आता कोकणातला वाचक म्हणून माझी अडचण सांगतो. ‘चाच्यांचं राष्ट्र’ हे शब्द वाचल्यावर मला पहिली आठवण बर्बर किनाऱ्याची होत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची होते.

सरखेल कान्होजी आंग्रे मुंबईच्या इंग्रजांच्या कागदोपत्री चाचा होते. कशामुळे? आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आपलं दस्तक घ्यावं, असा त्यांचा आग्रह होता. दस्तक नसलं की गलबत धरलं जाई. आता हीच गोष्ट पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढून केली होती आणि तिला कुणी चाचेगिरी म्हटलं नव्हतं. परवाना ज्याच्या हातात तो आरमारवाला, ज्याला दाखवावा लागतो त्याच्या लेखी तो चोर. इंग्रज १७१७ मध्ये विजयदुर्गावर गेले, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर. तिन्ही वेळा हात हलवत परतले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, तेव्हा तो राजकीय तह होता, दरोडेखोराला दिलेली माफी नव्हती.

म्हणजे चाच्यांशी तह होतो, चाच्यांकडे किल्ले असतात, चाचे कर घेतात आणि पावतीही देतात. मग तो चाचा राहतो की न मानलेलं राज्य ठरतो? फ्रेंच कथेला हा प्रश्न पडलाय खरा, पण उत्तर तिनं शीर्षकातच देऊन टाकलंय. ‘पी’ हे अक्षर पी-नेशनच्या माणसांनी स्वतः निवडलं असं कथेत असलं, तरी कथेचे पैसे भरले आहेत पॅरिसमधल्या मंत्रालयानं. गिऱ्हाइकाच्या मापानं शिवलेला सदरा आहे हा.

फाटक

आणि इथेच या प्रकरणातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. कुरूचं केंद्र खरोखर बंद पडलं होतं. २०५० मध्ये नाही, २०१७ मध्ये. चाच्यांनी नाही पाडलं.

२०१७ च्या मार्चमध्ये एरियान-५ रॉकेट प्रक्षेपणतळाकडे न्यायचं होतं. रस्त्यावर अडथळे उभे राहिले. ते उभे करणारे होते गयानाचेच रहिवासी, कायद्यानं पूर्ण फ्रेंच नागरिक. मागण्या ऐकल्या तर आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या मोर्चात शोभतील: दवाखाने धड नाहीत, शाळा कमी, बेरोजगारी वीस टक्क्यांच्या वर, रात्री रस्त्यावर सुरक्षितता नाही. क्रिओलमधली घोषणा होती ‘नू बों के सा’, म्हणजे ‘आता पुरे झालं’. पाहता पाहता सार्वत्रिक संप झाला. एप्रिलच्या सुरुवातीला काही आंदोलक अंतराळ केंद्राच्या आत जाऊन बसले. एप्रिल अखेरीस सरकारशी करार झाला आणि रॉकेट उडालं ४ मे रोजी, सहा आठवडे उशिरा. त्यावर कोरियाचा एक दूरसंचार उपग्रह होता आणि दुसरा ब्राझीलचा, ज्याचा एक भाग ब्राझीलच्या लष्करासाठी राखलेला होता.

क्षणभर हे डोळ्यांसमोर आणा. एका देशाचा लष्करी उपग्रह, दुसऱ्या देशाच्या भूमीवर, युरोपच्या रॉकेटच्या टोकावर; आणि त्याला कुणी रोखलं, तर रस्त्यात आडव्या उभ्या केलेल्या गाड्यांनी आणि चुलीवर शिजणाऱ्या भातानं. (भात माझ्या पदरचा. पण संप म्हटला की कुठेतरी मोठं पातेलं चढतंच.) रडार नाही, क्षेपणास्त्र नाही, चिप नाही. त्या किनाऱ्यावर हे केंद्र बांधताना साठच्या दशकात काही वस्त्या उठवल्या गेल्या होत्या, ही आठवणही त्या फाटकावर उभी होती.

२०१९ मध्ये ज्यांनी कुरूवरच्या हल्ल्याची कल्पना करायला घेतली, त्यांच्या डोळ्यांदेखत दोनच वर्षांपूर्वी हे घडलं होतं. तरी जाहीर झालेल्या कथेचा रोख समुद्राकडे आहे. धोका बाहेरून येतो, बोटीत बसून येतो. यात लेखकांचा आळस आहे असं मला वाटत नाही. संरक्षण मंत्रालयाला ‘तुमचेच नागरिक फाटक अडवतील’ ही गोष्ट विकत घेता येत नाही, कारण ते काम त्याचं नाहीच, ते गृहखात्याचं. कल्पनाशक्तीलाही खातेवाटप लागू होतं. अंतराळ-उद्वाहक चालतो, आरोग्य केंद्र चालत नाही.

दुसरी कथा, जी जास्त चांगली

न्यायाला धरून हेही सांगायला हवं की पुढच्याच हंगामात, २०२१ मध्ये, त्याच गटानं ही चूक बरीचशी सुधारली. त्या वर्षीच्या एका कथेत प्रत्येक समूह आपापल्या ‘सेफ स्फिअर’मध्ये राहतो. हे फुगे केवळ मतांचे नाहीत. डोळ्यांना जे दिसतं तेच यंत्रानं बदललेलं. तुमच्या फुग्यात रस्ता रिकामा, माझ्या फुग्यात गर्दी. अशा शहरावर जैविक हल्ला होतो आणि लष्कराला लोकांना बाहेर काढायचंय. पण ज्याच्या फुग्यात रोगच नाही, त्याला काय सांगून गाडीत बसवणार? सैनिकाचा गणवेशही प्रत्येकाला वेगळा दिसतो.

त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये कोरोनाच्या आरोग्यपासाविरुद्ध दर शनिवारी मोर्चे निघत होते. कथा काही दशकं पुढची म्हणून लिहिली होती, वाचकाला ती खिडकीतून दिसत होती. इथे शत्रूला चेहरा नाही, म्हणून नाव देण्याचा मोह नाही, म्हणून गोष्ट खोल जाते. बाकीच्या कथांत अतिवेगवान क्षेपणास्त्रं आणि त्यांना थोपवणारे महाकिल्ले होते, ऊर्जा आणि कार्बनची टंचाई होती, जिवंत निसर्गच शस्त्र बनलेलं युद्ध होतं. वाचायला बऱ्या. पण फुग्यांच्या कथेइतकी एकही चावत नाही.

तीस वर्षं आणि तीस दिवस

मग आलं २०२२ चं २४ फेब्रुवारी. अमेरिका आणि ब्रिटन आठवडेच्या आठवडे सांगत होते की रशिया युक्रेनमध्ये घुसणार. फ्रेंचांचा अंदाज वेगळा होता. सेनाप्रमुख जनरल तिएरी बुर्कार यांनी नंतर ‘ल मोंद’ला मोकळेपणानं सांगितलं की आमच्या यंत्रणांना वाटत होतं, युक्रेन जिंकण्याची किंमत रशियाला फार भारी पडेल, म्हणून तो दुसरे पर्याय निवडेल. मार्च संपता संपता लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख जनरल एरिक व्हिदो यांना पद सोडावं लागलं.

टीकाकारांना हे आयतंच मिळालं: तीस वर्षांनंतरचे चाचे दिसतात, तीस दिवसांनंतरचे रणगाडे दिसत नाहीत. टोमणा झकास आहे, पण अन्यायाचा आहे. पंचांग वेगळं आणि घड्याळ वेगळं. शिवाय फ्रेंचांचा हिशेब चुकीचा नव्हता. युद्ध रशियाला भारी पडलंच. चुकलं ते हे गृहीत धरण्यात की समोरचा आपल्यासारखाच हिशेब करतो. आणि हे गृहीतक मोडायलाच तर लाल गट असतो! तो २०६० च्या समुद्रावर बसला होता, गुप्तचर खात्याच्या खोलीत त्याच्यासाठी खुर्ची नव्हती. या प्रयोगाबद्दल माझी खरी तक्रार असेल तर ही.

चौथ्या हंगामानंतर, २०२३ च्या जूनमध्ये, रेड टीमचा कार्यक्रम आटोपला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, ९ तारखेच्या रात्री, ‘लांगदोक’ या फ्रेंच युद्धनौकेनं तांबड्या समुद्रात येमेनकडून आलेले दोन ड्रोन पाडले. पाडायला ॲस्टर क्षेपणास्त्रं वापरली. एकेकाची किंमत सुमारे दहा लाख युरो, आणि समोरचा ड्रोन त्याच्या कितीतरी पटींनी स्वस्त. पाठवणारे हुथी. त्यांना जगातले बहुतेक देश राज्य मानत नाहीत, पण येमेनची राजधानी सना त्यांच्या ताब्यात आहे आणि कुठलं जहाज जाऊ द्यायचं ते तेच ठरवू पाहत होते. दस्तकच, दुसरं काय. पुढच्या महिन्यांत नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला गेले.

नौदलं तांबड्या समुद्रात गुंतल्याचं पाहून सोमाली टोळ्याही पुन्हा बाहेर पडल्या. ‘रुएन’ हे मालवाहू जहाज त्यांनी त्याच डिसेंबरात पळवलं होतं. ‘आयएनएस कोलकाता’नं ते १६ मार्च २०२४ ला सोडवलं: भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर, चाळीस तासांच्या कारवाईनंतर, विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो उतरवून. सतरा खलाशी सुखरूप सुटले. पस्तीस जण शरण आले. त्यांना कुठे न्यायचं, कुठल्या कायद्याखाली उभं करायचं, हे कथेतले प्रश्न इथे अगदी कोरड्या कागदावर आले. उत्तर द्यायला २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा नुकताच हाताशी आला होता. २३ मार्चला त्या पस्तीस जणांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. मुंबईत नौदलाचा जो किनाऱ्यावरचा जुना तळ आहे, त्याचं नाव ‘आयएनएस आंग्रे’.